निळ्या गोंड्याची किल्ली

प्रिय ढब्बू,

सगळ्यात आधी मिशीवाले आले. तू म्हणशील, कोण मिशीवाले, कुठे आले, आजीच्या पत्राला काही शेंडाबुडखा आहे की नाही? अरे, आपल्या हॉटेलात आले! उघडलं बाबा एकदाचं. वरच्या मजल्यावर पाच खोल्या काढल्यात, तुझी खोलीही त्यात गेली, रागावू नकोस. बुटीक हॉटेल म्हणतात ह्याला. लहान असून महाग, एवढा अर्थ मला कळला. पहिला पाहुणा सकाळी साडेसातला दारात. तुझी आई अजून केस विंचरत होती आणि तुझा बाप शिडीवर, दाराच्या पाटीचा शेवटचा खिळा ठोकत. मिशीवाल्यांनी शिडीखालून वाकून विचारलं, हॉटेल चालू आहे की बांधताय? मी म्हटलं, तुम्ही आलात ना, मग झालं चालू.

तू घर सोडून गेल्याला दीड वर्ष झालं. त्या दिवसावर मी तुला कधी एक ओळ लिहिली नाही, फोनवर तू विषय काढलास की मी हवापाण्यावर घसरते. मला तू घरी यायला हवा आहेस, आणि तू येणार नाहीस म्हणतोस, हे दोन्ही माझ्या छातीवर बसलेलं आहे. पण आधी हॉटेलाचं ऐक. हसशील. रक्त बरंच सांडलं, तरी हसशील.

खोल्यांना नंबर नाहीत. एक सजावटवाली पोरगी आणली होती, गुडघ्यावर फाटलेली पँट घालून. ती म्हणाली, आजी, नंबर घातले की दवाखाना वाटतो. म्हणून दारं रंगवली. एक निळं, एक हिरवं, मग पिवळं, तांबडं आणि पांढरं. प्रत्येक खोलीच्या दोन दोन किल्ल्या, आणि किल्लीला दाराच्या रंगाचा रेशमी गोंडा. किल्ल्यांचं खातं माझ्याकडे. मी काय खूश झाले म्हणून सांगू! चौथीत शाळा सुटलेल्या बाईला टेबलामागे खुर्ची मिळाली. आता एक गोष्ट कबूल करते. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. निळं आणि हिरवं मला सारखंच दिसतं, पावसाळ्यातल्या डबक्यासारखं. पण बोलले असते तर खुर्ची गेली असती. बोलले नाही.

आणि नेमकं त्याच दिवशी निळं-हिरवं चुकून चालणार नव्हतं. मागच्या रस्त्यावरच्या दवाखान्यातल्या सिस्टरने आदल्या दिवशी तुझ्या आईला फोन करून दोन खोल्या मागितल्या होत्या. दोघे सख्खे भाऊ. त्यांची आई तिच्या वॉर्डात. म्हातारी एकटी राहायची, मुलं कॅलेंडरवर खुणा करून आठवडे वाटून घेऊन तिच्याकडे जायची. एका शुक्रवारी ती न्हाणीघरात पडली. थोरल्याला वाटलं आठवडा धाकट्याचा, धाकट्याला वाटलं थोरल्याचा. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार सकाळपर्यंत ती ओल्या फरशीवर पडून होती, खुब्याचं हाड मोडून. ढब्बू, मी रोज त्या वयाच्या पायांनी न्हाणीघरात जाते, मला ते ऐकवेना. भाऊ दवाखान्यात समोरासमोर आले तेव्हा थोरल्याने धाकट्याला आईच्या खाटेसमोरच भिंतीवर आपटलं. तेव्हापासून सिस्टरने वेळा ठरवून दिल्या, थोरल्याने सकाळी यायचं, धाकट्याने संध्याकाळी. तिने बजावलं होतं, दोघांची गाठ पडू देऊ नका, एखादा जिवानिशी जाईल. म्हणून तुझ्या आईने एकाला ह्या टोकाची निळी दिली, दुसऱ्याला त्या टोकाची हिरवी, आणि माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं.

थोरले म्हणजे ते मिशीवाले. त्यांना किल्ली तुझ्या आईनेच दिली. ते आईला भेटून आले, जेवले, वर गेले. दुपारी अडीचला धाकटा आला. किडकिडीत, चष्मेवाला, इतका नम्र की मला दोनदा नमस्कार केला. तुझी आई पाव आणायला गेलेली, तुझा बाप मागे पाण्याच्या टाकीवर. मी ऐटीत उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि म्हटलं, तुमची हिरवी खोली. त्याने गोंडा पाहिला, तो निळा. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारी बोलायला चुकली. तो निळ्या दाराकडे गेला.

आत मिशीवाले नुकते आंघोळ करून, कमरेला टॉवेल गुंडाळून, तोंडाला साबण लावून दाढी करत उभे. आधी आरसा फुटला. मग असा काही धडधडाट सुरू झाला की माझ्या टेबलावरची घंटा आपोआप वाजायला लागली. धाकटा ओरडत होता, तुझा आठवडा होता, तुझा होता! आणि थोरला, कॅलेंडरवर खूण तुझ्या हाताची आहे रे हरामखोरा! मी जिन्याच्या तळाशी पोचले तोवर दोघे गडगडत जिन्यावरून माझ्याच अंगावर येत होते. टॉवेल वरच राहिला होता. मी ह्या वयात काय काय पाहिलं ते विचारू नकोस.

तो नम्र माणूस, मला दोनदा नमस्कार करणारा, भावाच्या कानाला दात लावून लोंबकळत होता. चष्म्याची काच भुवईत घुसलेली, एक डोळा रक्ताने बंद. थोरल्याने त्याचं डोकं धरलं आणि जिन्याच्या कठड्यावर हाणलं, एकदा, दोनदा. नारळ फोडल्यासारखा आवाज. नवा पांढरा गालिचा, सजावटवालीने लोकांना चपला काढायला लावून अंथरलेला, त्यावर दोघे लोळत होते. मग थोरला त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे गळ्यात रुतवले. धाकट्याच्या टाचा जमिनीवर तडफडत होत्या, आणि मग तडफडेनाशा झाल्या. चेहरा वांग्यासारखा झाला. मी थोरल्याच्या पाठीवर मुठी मारत होते, त्याला माशी बसल्याइतकंही कळलं नाही.

तेवढ्यात तुझा बाप मागच्या दाराने आला, कोपरापर्यंत भिजलेला. मला वाटलं, आता हा तिसरा पेटणार. त्याचा हात तुला माहीत आहे. पण त्याने हात उचललाच नाही. सरळ मध्ये घुसला, थोरल्याला खांद्याने बाजूला लोटलं आणि धाकट्यावर पालथा पडला, पोरावर आई पडते तसा. थोरल्याने कोपऱ्यातला पितळी दिवा उचलला, दांड्यासकट, आणि तुझ्या बापाच्या पाठीवर घातला. पहिला घाव खांद्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा घाव, तिसरा. तुझा बाप खालून एकच म्हणत होता, मारा, मला मारा, ह्याला सोडा. मी टेबलावरची फुलदाणी घेतली, फुलांसकट, पाण्यासकट, आणि थोरल्याच्या टाळक्यात फोडली. गुडघ्यांत मोडून खाली बसला तो, मिशीत फुलाची पाकळी. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दार उघडलं. तुझी आई पाव घेऊन, आणि तिच्यामागे बॅगा घेतलेलं नवं जोडपं, लग्न होऊन पाच दिवस झालेलं. समोर रक्तात माखलेले तीन पुरुष, त्यातला एक तसाच, आणि हातात फुलदाणीचा गळा धरलेली मी. तुझी आई किती पक्की बघ. टेबलावरचं कापड ओढून थोरल्यावर टाकलं आणि जोडप्याला म्हणाली, या ना, तुमची पिवळी खोली तयार आहे. ते राहिले बरं का! जाताना पाहुण्यांच्या वहीत लिहून गेले, खोली प्रशस्त, नाश्ता उत्तम, मालक मंडळी घरच्यासारखी.

सिस्टर धावत आली. धाकट्याच्या भुवईला सात टाके, थोरल्याच्या टाळूला अकरा, आणि कानाचा तुकडा शेवटपर्यंत सापडला नाही. तुझ्या बापाचा हात गळ्यात. पोलिसांना कुणीच बोलावलं नाही. धाकट्याचा आवाज दोन दिवस फुटेना, तेव्हा थोरला हिरव्या खोलीत त्याच्या खाटेशी बसून चमच्याने पाणी पाजत होता आणि एकीकडे शिव्या घालत होता. मग म्हणाला, खूण माझ्या हाताची असेल कदाचित, मला आठवत नाही रे. धाकटा घोगऱ्या आवाजात म्हणाला, मलाही नाही. आणि दोघे असे रडले की पिवळ्या खोलीतली नवी नवरी बाहेर येऊन बघून गेली. निघताना थोरल्याने वहीत लिहिलं, गरम पाणी चांगलं. भाऊ भेटला.

आता खरं सांगते, कशासाठी बसले लिहायला. मारामारी झाली त्या संध्याकाळी मी तुझ्या बापाच्या पाठीला मलम लावत होते. पाठीवर तीन वळ. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, आई, त्या दिवशी तू दारात होतीस ना? मी होते, ढब्बू. स्वयंपाकघराच्या दारात. त्याने कमरेचा पट्टा काढलेला पाहिला, तुझ्या तोंडावर आणि मानेवर बसलेले तिन्ही फटके पाहिले. मग तू त्याला ढकललंस आणि तो ओट्याच्या कोपऱ्यावर कान आपटून पडला. चौकीतल्या माणसाने विचारलं तेव्हा तुझा बाप म्हणाला, पोराने आधी हात उचलला, आणि मी मान हलवली आणि कागदावर सही केली. नीट, एकेक अक्षर सुटं काढून. माझा मुलगा तुरुंगात जाईल ही भीती होती. नातू घराला मुकेल हे मला सुचलंच नाही. अख्खी गल्ली तुला बापाला मारणारा म्हणते, ते माझ्या सहीने. काल आम्ही दोघं चौकीत गेलो. त्याने सांगितलं, आधी मी मारलं, पट्ट्याने. मी सांगितलं, मी पाहिलं आणि खोटं बोलले. नवा कागद झाला, मी पुन्हा सही केली, आणि येताना गल्लीत दर दारी थांबून सांगत आले. तुझा बाप शेजारी मान खाली घालून उभा होता, पण एकाही दाराशी हलला नाही. माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझ्यावर आहे. त्यालाही तुझ्याशी बोलायचंय, पण फोन उचलतो आणि ठेवतो. तू येऊन हवं तर त्याच्यावर ओरड, भांडी फेक, मी मध्ये पडणार नाही. मोडलेलं हाड तेवढं सांभाळ. दोघे भाऊ आईला दवाखान्यातून घेऊन आधी इथेच येणार आहेत, तिला मला भेटायचंय म्हणे, फुलदाणीवाली कोण ते बघायला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारच्या आत, असं कबूल करून गेलेत.

तुझीच, दारात उभी राहिलेली,
आजी