ओंजळ

चांदा, शनिवार, कार्तिक, १९५६

उद्या इथल्या तलावात पोहण्याची शर्यत आहे. मारोती जेवला नाई, अन् त्याचं कारण मी आहे.

आम्ही दोघं एकाच गावचे, मासे धरणाऱ्या ढिवरांची पोरं. आमच्यात तलावात उतरण्याआधी ओंजळभर पाणी तलावालेच वाहतात, मग उतरतात; नाई तर तलाव माणूस ओढते म्हणतात. आज सरावाले मास्तरांची शिट्टी वाजली तशी मारोतीनं फळीवरून सरळ उडी टाकली. दोन डोंग्यांच्या लांबीएवढा तरी माझ्या पुढं होता. मले ते पाहवलं नाई. उद्या हरलो तर काय, हे सकाळपासून डोक्यातून जात नव्हतं.

काठावर आल्यावर म्हणालो, "परका तलाव, अन् तू ओंजळ नाई वाह्यली."

एवढंच. दुसऱ्या खेपेले तो अर्ध्यातूनच वळून आला. मास्तरांनी विचारलं, "काऊन रे?"

"पायात गोळा आला जी." माझं नाव घेतलं नाई त्यानं.

अन् माझ्या डोक्यातलं ते तेव्हापासून थांबलं. असं कसं? माझी भीती मी त्याले देऊन टाकली का?

मघा जेवताना त्यानं आपल्या ताटातला मासा माझ्या ताटात ठेवला. "तू खा. आपल्या गावचं कोणी तरी जिंकलं पाह्यजे."

मी खाल्ला. काटे काढून, सगळा.

ओंजळ मी तरी कुठी वाह्यली होती. तो पुढं होता, त्याले दिसलं नाई. हे त्याले आत्ता सांगता येते. तो दारातच बसून आहे, अन् मी हे लिहून राह्यलो.