आप्पांना पट्टी कोणती?

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तू आता पंचेचाळिशीचा, चष्म्याच्या दुकानाचा मालक, शिवाय कादंबरीकार होऊ घातलेला. तरी मी ‘ठोंब्या’च लिहिते. कादंबरी छापून आली की पुढचं बघू.

आमच्या वाचनालयात सध्या एक नवं खूळ आहे. एका बाईंनी अर्धी वाचलेली कादंबरी माझ्या टेबलावर आदळली आणि म्हणाल्या की बाप पोराला असा झोडतो, हे आधी सांगायला तुमचं काय जातं? कार्यकारी मंडळाला ते पटलं. आता ज्या कादंबरीत आईबाप मुलांना छळतात, तिच्या पाठीला रंगीत पट्टी लावायची, आणि कुठला छळ कुठल्या रंगाचा हे ठरवायचं काम आलं माझ्या गळ्यात. मारझोडीला मी लाल दिली. टाकून बोलण्याला पिवळी, मुलं टाकून निघून जाण्याला निळी. आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणत पोराचा श्वास कोंडणाऱ्यांना हिरवी.

लालवाले सोपे असतात. बाप पहिल्याच प्रकरणात दारू पिऊन येतो, त्याला मिशा असतातच, आणि शेवटी मरताना मुलाचा हात धरून रडला की झालं, सगळं माफ. हिरव्या पट्टीच्या आया फार हुशार. दोनशे पानं त्या नुसतं दूध गरम करत असतात आणि मुलगी कधी संपली ते कळतही नाही. एक गंमत मात्र लक्षात आली. तीच थप्पड बापाने मारली तर लेखक तिला शिस्त म्हणतो, आईने मारली तर त्रागा, आणि सावत्र आईने मारली तर लगेच वीज कडाडते.

तुझं बाड मिळालं. एका बैठकीत वाचून काढलं. आप्पांच्या अबोल्याच्या प्रकरणाला तर इतकी हसले की शांतता राखण्याची पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली आहे, हे विसरले. आप्पा आपल्यावर रागावले की आपल्याशी न बोलता कपाटाला सांगायचे, की कुणीतरी पंखा चालू ठेवून गेलंय बरं का. ते अगदी हुबेहूब उतरलंय. हसून झाल्यावर बघते तर हातात पट्ट्यांचा डबा. सवय, दुसरं काय! पण मग खरंच विचार करायला लागले आणि रंग सापडेना. तूच सांग, आप्पांना कुठली लावू?

तुम्हा दोघांना आशीर्वाद, आणि तुमच्या भिंगरीला आत्याचा एक पापा जास्तीचा. लोभ आहेच, तो बिनपट्टीचा समज.

तुझी
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात, तुला तर चार-चार रंगांचं दिसायला लागलंय. डोळे तपासून घे. भिंगं माझ्याकडे आहेत, पण बहिणीला सूट मिळणार नाही.

अगं, ती विनोदी कादंबरी आहे! प्रकाशकाने तेच प्रकरण वाचून होकार कळवलाय. आप्पांनी आपल्यावर कधी हात उचलला? कधी आवाज चढवला? शेजारच्या घरातून पट्ट्याचे आवाज यायचे, तेव्हा आपल्याकडे कशी शांतता असायची, आठव. रागावले की बोलायचे नाहीत, एवढंच. त्यातून माझा फायदाच झाला. बूट पुसायला शिकलो, भांडी न वाजवता ठेवायला शिकलो. अशा माणसाला तू त्या मिशीवाल्यांच्या रांगेत बसवणार असशील, तर तुझ्या वाचनालयाला पुस्तक भेट मिळणार नाही, विकत घ्यावं लागेल.

इकडे सगळं ठीक. दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आणलंय, त्याच्या आवाजाने गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नाही, हा त्यातला गुण. भिंगरी तेरा वर्षांची झाली आणि एकाएकी शहाणी झाली बघ. पूर्वी घरभर भिरभिरायची, आता सुतासारखी सरळ. जेवून उठली की ताट स्वतः घासून ठेवते, दार आपटत नाही, अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही. मला तर तिला काही बोलावंच लागत नाही. हिची तब्येत उत्तम.

मी रागावलेलो नाही. थोडासा रागावलोय. तरी तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
ठोंब्या (कादंबरीकार)


२० फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

खाई त्याला खवखवे. मी नुसता रंग विचारला होता, तू आप्पांचं वकीलपत्रच घेतलंस.

तुझं पत्र वाचून मी कपाटं धुंडाळली. न बोलणारे बाप पुष्कळ निघाले. पण ते सगळे ‘करारी’ असतात, वरून कठोर आणि आतून मेणाहून मऊ. लेखक त्यांना खिडकीपाशी पाठमोरं उभं करतो आणि वाचकाने ओळखायचं की प्रेम दाटून आलंय. मुलगा त्या वेळी कुठे उभा असतो, ते मला एकाही पुस्तकात सापडलं नाही. मला मात्र ठाऊक आहे. तू दाराआड असायचास, आप्पांचे बूट छातीशी धरून, आता तरी ते नाव घेऊन हाक मारतील म्हणून. मी ओढून न्यायला आले तर माझा हात चावायचास. ते तू लिहिलं नाहीस. बूट तेवढे लिहिलेस, चकचकीत.

मी पाचवी, पांढरी पट्टी सुचवून पाहिली. अध्यक्ष म्हणाले की नको बाई, मग निम्म्या कपाटांना लावावी लागेल आणि एक त्यांच्या घरीही न्यावी लागेल. तेव्हा आप्पा तूर्त सुटले. खूश?

पण मला एक सांग. भिंगरी शहाणी झाली म्हणजे कधीपासून? मागच्या सुट्टीत ही पोरगी झोपेतसुद्धा बडबडत होती, माझे कान किटवले होते तिने. ती सुतासारखी सरळ झाली हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. भीती वाटली. तिच्याशी तू शेवटचं काय बोललास, तेवढं मला लिहून पाठव.

माया घट्टच आहे, सध्या तिच्यात काळजी जरा जास्त पडलीय.

तुझी
ताई


२७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. उत्तर लिहितील असं दिसत नाही, म्हणून मीच धीर केला. चहाडी म्हणा हवं तर.

तुमचा संशय खरा आहे. महिना होत आला, हे भिंगरीशी बोलत नाहीत. फ्रिजला सांगतात की कुणीतरी दिवा मालवावा, भिंतीला विचारतात की कुणाला शाळेला उशीर तर होत नाही ना. पहिल्या दिवशी मीही हसले, खोटं कशाला बोलू! आता हसू येत नाही. पोरगी ह्यांच्या चपलांच्या आवाजावरून ठरवते, खोलीबाहेर यायचं की नाही ते. मी विचारलं की तिचं चुकलं तरी काय, तर म्हणाले की मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही. मारत असते तर मी मध्ये पडले असते. न बोलण्याच्या मध्ये कसं पडायचं ते मला कळेना, वन्सं.

रविवारी जेवणानंतर ते प्रकरण आम्हाला वाचून दाखवणार आहेत. घरच्यांना हसू येतं का, ते बघायचंय म्हणे. मी म्हटलं, अवश्य वाचा, आणि भिंगरीलाही ऐकायला बसवायचं ठरवलंय. माझं चुकत असेल तर हक्काने दोन शब्द सुनवा, पण परकी समजू नका.

तुमची
भावजय


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कारण हिने तुला कळवलंय, हेही मला कळलं. बायको आणि बहीण एक झाल्या की माणसाने फ्रिजशीच बोलावं. प्रकाशकाला मात्र थांबायला सांगितलंय.

रविवारी वाचलं. आवाज बदलून, हातवारे करून, आप्पा अगदी रंगवले. ही दोनदा हसली, तीही माझी कीव येऊन. भिंगरी टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटाने सरळ करत बसली होती. वाचून संपलं तेव्हा तिने खाली बघतच विचारलं, की त्या मुलाने केलं काय होतं? मी पानं उलटली. बूट होते, कपाट होतं, पंखा होता, तेवढंच नव्हतं. लिहून टाकू म्हणून आठवायला लागलो, तर मला आठवेना, ताई. त्या दाराची बिजागरी आठवते, तिचा गंज आठवतो, माझा गुन्हा आठवत नाही. तुला आठवतो का? मला वाटतं, मला तो कधी कुणी सांगितलाच नव्हता.

मग भिंगरी म्हणाली की ते राहू दे, निदान तिने काय केलंय ते तरी मी सांगावं.

मी तोंड उघडलं. दार आपटलं होतं का? उलट उत्तर दिलं होतं? काहीतरी होतं खास, त्या दिवशी मला फार मोठं वाटलेलं. ते काही केल्या सापडलं नाही. शेवटी खरं तेच सांगितलं, की मला आठवत नाही. तिचं नाव घेऊन सांगितलं, आणि ते नाव माझ्याच तोंडात इतकं परकं वाटलं की मला लाज वाटली.

ती रडली, अगदी लहान होऊन रडली. मीही रडलो. हुंदके आवरत ती म्हणाली की नक्की काय चुकलं ते कळत नव्हतं, म्हणून तिने एकेक करून सगळंच बदलून पाहिलं. हसणं, चालणं, दार लावणं, ताट, मैत्रिणीशी फोनवर बोलणं, आंघोळ करताना गाणं म्हणणं. कशाचाच उपयोग झाला नाही, आणि आता बदलायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

रागाव, ताई, हवी तेवढी रागाव. पण लिहून रागाव. तेवढा लोभ मला पुरे आहे.

तुझा
ठोंब्या