डाग नसलेला गहू

मी, गव्हाच्या संशोधन केंद्रातून निवृत्त झालेली पैदासकार, माझ्यामागे काय कोणाकडे जावे हे स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. गुडघे कामातून गेले असले तरी डोके शाबूत आहे, असे डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले आहे.

१. राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. भाच्याने वाटा मागू नये. त्याला मोटार दिली होती. तिचे त्याने काय केले हे सर्वांना ठाऊक आहे.

२. माझ्या वाणाबद्दल मिळालेले पदक तेव्हाच्या संचालकांकडे पोचवावे. माझ्यापेक्षा त्यांनाच त्याचे कौतुक जास्त होते.

३. बँकेतील शिल्लक खोऱ्यातल्या बियाणे संघाला द्यावी. ही भरपाई नव्हे. देण्याचे कारण असे:

गव्हावरच्या तांबेरा रोगाची बुरशी वाऱ्यावर येते. दवाने ओल्या झालेल्या पानावर तिचा कण रुजतो, बारीक तंतू पानाच्या छिद्रातून आत शिरतो आणि पेशींतला रस शोषू लागतो. मग पानभर नारिंगी पुटकुळ्या फुटतात. माझ्या वाणात एक जनुक असे होते की बुरशी आत शिरताच तिथल्या पेशी स्वतःहून मरत आणि तिची उपासमार होई. पान स्वच्छ दिसे. बहीण त्याच केंद्रात रोगशास्त्रज्ञ होती. तिच्या गव्हात लहानलहान जनुके बरीच होती. बुरशी वाढे, पण रेंगाळत, आणि दाणा भरे. पानांवर डाग मात्र दिसत.

"ताई, थोडे डाग पडू देत," ती बैठकीत म्हणाली. "एकाच जनुकावर सगळं खोरं टांगू नकोस. बुरशी बदलते."

डागाळलेला गहू कोण घेईल, असे मी सर्वांसमोर विचारले. लोक हसले. जागा कमी होती म्हणून तिचे वाफे नांगरायला मीच सांगितले. साठवणीतले बियाणेही टाकून दिले. तिने नोकरी सोडली.

काही वर्षे माझा गहू आरशासारखा राहिला. मग बुरशीची नवी जात आली. माझ्या जनुकाला ती ओळखूच येईना. मी शेतांतून फिरले तेव्हा साडीचा काठ नारिंगी झाला. एका शेतकरीणबाईने ओंबी चोळून दाखवली. दाणे फुंकरीने उडावेत असे सुरकुतलेले. ती भांडली असती तर बरे झाले असते. तिने फक्त विचारले, "बाई, पुढच्या वर्षी काय पेरू?"

द्यायला बहिणीचे बियाणे उरले नव्हते. ते मीच मातीत घातले होते. बहिणीने संघाच्या शेतात पहिल्यापासून सुरुवात केली. तिची उमेदीची वर्षे त्यात गेली.

४. हे कलम खोडले आहे. त्यात बहिणीची माफी मागितली होती. काल तिला मसुदा वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, "हे मेल्यावर कशाला? मी समोर बसलेय."

मग मी तोंडाने मागितली.

"माफ केलं असं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "पण नव्या वाफ्यांत डाग मोजायचेत. येशील?"

उद्या सकाळी ती न्यायला येणार आहे. म्हणून सही आजच करत आहे.

ठिकाण: माझी पुढची खोली
तारीख: डॉक्टरीणबाईंच्या शिक्क्याखाली आहे ती
सही: लिहून ठेवणारी

आमच्यादेखत सही केली:
डॉक्टरीणबाई
शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले