काही दाही

मंगळवार, ३ मार्च

पेंटरांचं पाचवं सिटिंग. चार मिनिटांत जागेवर! डोकं जखडणारा मास्क चढवला, खटके लावले, दोन एक्सरे — हाडाला हाड जुळलं, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, पडद्यावर सगळं हिरवं. मी सवयीने म्हटलं, "हलू नका." मास्कच्या आतून उत्तर, "बाई, पंचवीस वर्षं शिडीवर उभं राहून पाट्या रंगवल्यात. हललो असतो तर तुमच्याकडे नाही, हाडवैद्याकडे असतो."

गाठ कवटीच्या तळाशी, उजव्या डोळ्याच्या मागे. कापून निघण्यासारखी नाही, म्हणून आमच्याकडे कार्बनचा बीम. पेन्सिलीतला कार्बन तो हाच, फक्त शेजारच्या हॉलमध्ये गोल गोल पळवून भन्नाट वेगाला नेलेला. वाटेत कुणाच्या अध्यात ना मध्यात. मुक्कामी पोचला की सगळी पोतडी तिथेच रिकामी करतो.

पेंटरांचा डावा डोळा लहानपणापासून कामातून गेलेला. पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, "जगवा, पण उजवा ठेवा. नुसतं जगून काय करू?"

बुधवार, ४ मार्च

सासूबाई: "तुझ्या त्या यंत्रात माणसं भाजतात का गं?" म्हटलं, छे, काही कळतसुद्धा नाही. "मग काही केलंत हे त्यांना पटतं कसं?"

शुक्रवार, ६ मार्च

आठवं झालं. सोळातली निम्मी संपली. पेंटरांनी आज आमच्या दारावरची पाटी बघून नाक मुरडलं. "'प्रवेश'मधला 'श' कुणी काढलाय? पोट सुटलंय त्याला." दिवसभर येता-जाता तो 'श' बघतेय. खरंच सुटलंय!

सोमवार, ९ मार्च

सोमवारी मशीनची देखभाल, पेशंट नाहीत. पाणीवाल्यांबरोबर निवांत चहा. हे आमचे भौतिकशास्त्रज्ञ. अख्खा माणूस पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात म्हणून हे नाव, आणि ते त्यांना ठाऊक आहे. आज नव्या मुलींना तेच व्याख्यान: "मांस म्हणजे पाणी. हाड म्हणजे जाड पाणी. नाकातली पोकळी म्हणजे रिकामी बादली. बीमला एवढंच कळतं." मला आता पाठ झालंय. मागे उभी राहून ओठ हलवत होते, तर त्यांनी पाहिलं!

मंगळवार, १० मार्च

नववं. स्पीकरवर विचारलं, "काही त्रास?" उत्तर आलं, "काही दाही." 'नाही'चं 'दाही'! मास्कमध्ये सगळ्यांचीच नाकं दाबली जातात, आमच्याकडे सगळे तसेच बोलतात. हसले आणि बटण दाबलं.

लेकीचे गणिताचे मार्क आले. बरे आहेत. बापावर गेली नाही.

बुधवार, ११ मार्च

पेंटर बाहेर बाकावर बसले होते. मी जाता जाता, "काय म्हणता?"

"काही दाही, बाई."

मास्क नाही. तरी 'दाही'!

सर्दी! रिकामी बादली भरली की बीमला वाटतं मुक्काम आला, आणि तो गाठीच्या अलीकडेच थांबतो. विचारलं, कधीपासून? ते छताकडे बघायला लागले. बायकोनेच सांगून टाकलं, "सोमवारपासून शिंकतायत. मला म्हणाले, तिथे तोंड उघडलंस तर बघ. सिटिंग चुकवतील."

म्हणजे कालचं सिटिंग भरल्या नाकातून गेलं. आणि तो 'दाही' मी ऐकला होता. फक्त मी.

आजचं थांबवलं. पेंटर उठून उभे राहिले. "गाठ काय वाट बघत बसेल? तुबच्याबुळे डोळा जाईल बाझा!" एरवी हसू आलं असतं. आलं नाही. त्यांच्या बायकोकडेही मला बघवेना.

पाणीवाल्यांना 'आज सर्दी लक्षात आली' एवढंच सांगितलंय. खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. कालचं कळलं नाही तर ते कालचं सिटिंग नीट झालं असंच धरतील. मला माहीत आहे हे. तरी जीभ उचलली नाही.

सासूबाई पानं घेताना: "काय असेल ते ज्याला सांगायचं त्याला सांगून टाक बाई. मघापासून एकच ताट घासतेयस." जेवायच्या आधीच मी ताट घासत होते!

गुरुवार, १२ मार्च

सकाळी पहिलं काम — लिहून दिलं. 'मंगळवारी रुग्णाचा आवाज बदललेला ऐकला. मास्कमुळे असेल असं समजून सिटिंग दिलं.' दोनच ओळी.

पाणीवाल्यांनी वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "एका सिटिंगमधली तूट भरून काढता येईल," म्हणाले. "पण नाक किती भरलंय ते बघायला हवं. आजच सीटी स्कॅन काढा. आणि सोमवारी व्याख्यानाला पुढच्या रांगेत बसा." बस्स, एवढंच बोलले.

दुपारी सीटी झाला. पेंटर माझ्याकडे पाठ करून बसले. त्यांच्या बायकोने मात्र जाताना माझा हात दाबला. लागलंच मनाला. तरी कालच्यापेक्षा खूप बरं वाटतंय.

शुक्रवार, १३ मार्च

सीटीत सर्दीपेक्षा भलतंच दिसलं. गाठ आकसलीय, चांगलीच! आणि इतके दिवस तिने बाजूला ढकलून ठेवलेली उजव्या डोळ्याची नस सुटून मूळ जागी आलीय — आमच्या बीमच्या नेमक्या मुक्कामावर. पेंटरांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा दोनदा तपासला. नस शाबूत आहे. नवा आराखडा मंगळवारी.

पुढचा सीटी सगळं संपल्यावरच व्हायचा होता. सात सिटिंग उरली होती. सातही वेळा पेंटर तसूभर हलले नसते, एक्सरेत नस दिसत नाही म्हणून हाडाला हाड जुळलं असतं, आणि माझ्या पडद्यावर सगळं हिरवं दिसलं असतं.