जांभळा कागद

बाई, मी तुमच्या सातवीच्या वर्गातली, मुळशीची, हस्तलिखिताच्या पानांना कागद कापून देणारी मुलगी. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयापेक्षा आज मी पंधरा वर्षांनी मोठी आहे, पण तुम्हाला लिहायला बसले की अक्षर आपोआप सरळ यायला लागतं. लग्न होऊन मी नांद्यात आले. वरच्या तीन खोल्यांत कंपनीत जाणारी भाडेकरू मुलं राहतात आणि खालच्या पुढच्या खोलीत मी लोकांच्या फोटोंचे अल्बम बनवते. हल्ली त्याला स्क्रॅपबुक म्हणतात. म्हणजे आपलं हस्तलिखितच, फक्त त्यात निबंध आणि कविता नसतात. नुसते फोटो, त्यांच्यामागे निवडून लावलेले कागद, कडेला फिती, बटणं, वाळवलेली पानं. गिऱ्हाईक येतं आणि सगळ्यात आधी चमकीचा कागद मागतं. मी म्हणते, लावू की चमकी, पण मग फोटो कशाला लावताय? बरेचजण हसतात. काही जण फुगून निघून जातात आणि आठवड्यानं परत येतात.

हा खडूसपणा तुमचाच. तुमचा चित्रकलेचा वर्ग मला अजून दिसतो. बाक भिंतीला सरकवलेले आहेत, मधे सतरंजी आहे, डालड्याच्या डब्यात तांदळाच्या पिठाची खळ आहे आणि तिला मुंग्या लागल्या आहेत. धरणावर गेलेल्या सहलीच्या फोटोमागे मी भडक गुलाबी घोटीव कागद लावलाय आणि तुम्ही ते पान उचलून सगळ्यांसमोर म्हणताय, "मला आधी कागद दिसला. मुलं नंतर दिसली." तुम्ही तो कागद तिथल्या तिथे ओरबाडून काढलात. मी रडले. मग तुम्ही मला खिडकीपाशी नेलंत, फोटो माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "लांब धर. डोळे बारीक कर. मोठ्यानं बोलणारे रंग सोडून दे. कोपऱ्यात एखादा दबून बसलेला असतो, तो शोध आणि त्याचा कागद लाव. मग फोटो बोलायला लागतो." त्या फोटोत तो रंग धरणाच्या ओल्या भिंतीचा निघाला, करडा. करडा कागद लावला आणि मुलं पुढे आली. मला हे एवढं एकच काम येतं, आणि ते तुम्ही दिलेलं आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी आली. नांद्यातलीच, जुन्या बागायतदार घरातली. त्यांची निम्मी जमीन आता बिल्डिंगांखाली गेली आहे. साखरपुडा झाला होता आणि लग्नाच्या हॉलमध्ये दाराशी ठेवायला तिला अल्बम हवा होता. ती माझ्या खोलीत फरशीवर बसली, सगळे ड्रॉवर उघडले, कागद बोटांनी चाचपले, एकेकाचा वास घेतला. "ताई, ह्या हातकागदाला पोत्याचा वास येतोय," म्हणाली आणि तोच बाजूला काढला. नजर चांगली होती तिची. चमकीकडे बघितलंसुद्धा नाही. मला ती फार आवडली, हे सांगून टाकते. मला मुलगी नाही, आणि असती तर कशी असती असा विचार मी सहसा करत नाही. त्या दिवशी केला.

ती गेल्यावर मी साखरपुड्याचा मोठा फोटो हातात घेतला. हिरवा शालू, झेंडूच्या माळा, होणाऱ्या नवऱ्याचा मोतिया रंगाचा कुर्ता. सवयीनं लांब धरला, डोळे बारीक केले आणि न बघताच ड्रॉवरमध्ये हात घालून एक कागद ओढून फोटोखाली सरकवला. इतका शोभला की मी स्वतःवरच खूश झाले. फोटो बोलायला लागला. मग लक्षात आलं की कागद जांभळा आहे आणि फोटोत जांभळं काहीच नाही. मी चष्मा लावला. शालू बघितला, माळा बघितल्या, मागचा पडदा बघितला. डाव्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि त्यांच्या वर, कोपराच्या अलीकडे, एका ओळीत चार जांभळट डाग होते. बोटं मोजावीत तसे.

उरलेले फोटो घेऊन ती परत आली तेव्हा मी विचारलं, "साखरपुड्याच्या फोटोत हाताला काय लागलंय गं?" "गाडीचं दार लागलं," ती म्हणाली. पाकीट उघडत होती, वर बघितलं नाही. त्या पाकिटात धरणाकाठच्या रिसॉर्टवर काढलेले दोघांचे फोटो होते. ऐन मेमधले, आणि हिच्या बाह्या मनगटापर्यंत. त्या दिवशी तिनं एकही कागद स्वतः निवडला नाही. मोबाईलवर एकेकाचा फोटो काढायची, त्याला पाठवायची, आणि उत्तर आलं की सांगायची, हा चालेल, हा नको.

बाई, तुम्ही जिना म्हणाला होतात. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर शिक्षकांचा फोटो लावायचा होता. तुम्ही पुढच्या रांगेत दुसऱ्या खुर्चीवर होतात, हात मांडीवर, आणि फोटो काढताना पदर सरकला असणार. मला फोटो देताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "खाली काहीतरी लाव," म्हणालात, "हात बरे आले नाहीत." मी विचारलं, "बाई, काय झालं?" तुम्ही म्हणालात, "जिन्यावरून पडले." मी तुमच्या घरी वह्यांचे गठ्ठे घेऊन कितीदा आले होते. बैठं कौलारू घर होतं. जिना नव्हता. मी बारा वर्षांची होते, आणि शेजारच्या काकूंच्या दंडावर असले डाग मी लहानपणापासून बघत आले होते. मला कळलं होतं. मोठेपणी अर्थ लागला असं मी आजवर स्वतःला सांगत आले, ते खोटं आहे. तिथेच, हातात फोटो असतानाच मला कळलं होतं.

आणि मी काय केलं, तर अक्कल चालवली. एकाच हातावर फूल लावलं तर नजर तिथेच जाईल, म्हणून हिरव्या घोटीव कागदाची लांब वेल कापली आणि पुढच्या अख्ख्या रांगेच्या हातांवरून फिरवली. हेडमास्तरांचेही हात झाकले. पानं इतकी बारीक कापली, रंग तुमच्या साडीच्या काठाशी इतका जुळवला, की कुणाला काही वावगं वाटलं नाही. प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तरांनी मला पुढे बोलावून कौतुक केलं. तुम्हीही टाळ्या वाजवल्यात. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवलं.

मेच्या सुट्टीत बातमी आली. बाई धरणाच्या पाण्यावर धुणं घेऊन गेल्या आणि पाय घसरला. आई मला घेऊन तुमच्या दारात आली होती. मागं बसलेल्या बायकांमधली एक हळूच म्हणाली, "बाई कवा धुणं घिऊन पाण्यावर जायच्या? दारात नळ हाय त्यांच्या." दुसरीनं तिच्या मांडीवर हात ठेवला. "गप. आपल्याला काय करायचंय." जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी ते हस्तलिखित ठेवलं होतं. येणारा प्रत्येकजण पहिलं पान उघडत होता. कुणीतरी म्हणालं, वेल काय सुरेख कापलीय. त्या वर्षी मी चित्रकलेच्या तासाला पोट दुखतंय म्हणून घरी जायचे.

तर ह्या मुलीच्या आईचा फोन आला. "ताई, त्या साखरपुड्याच्या फोटुत पोरीचा हात जरा झाकून घ्या. भावकी येनार हाय, लोकं काय बी बोलत्यात." मी म्हटलं, "हाताला काय झालंय, ते विचारलंत का तिला?" पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या म्हणाल्या, "पत्रिका वाटून झाल्यात, ताई."

मी पुन्हा अक्कल चालवली. जांभळा कागद काढला नाही. फोटोतल्या हातावर एक छोटा कागदी खिसा लावला, तसे खिसे आम्ही लावतोच, आत आठवणीची चिठ्ठी ठेवायला. त्यात मी माझी चिठ्ठी ठेवली. ते डाग मी बघितलेत, कधीही ये, कुणाला न सांगता ये, आणि खाली माझा फोन. अल्बम न्यायला ती येणार होती. मी तिच्यासमोर खिसा उघडून दाखवणार होते.

काल नवरा मुलगा आला, एकटाच. चपला नीट कडेला काढल्या, पाणी घेतलं, मला दोनदा ताई म्हणाला. "ती नाही आली?" मी विचारलं. "ती आता बाहेर पडत नाही. लग्नघर आहे ना." तो खुर्चीवर बसून एकेक पान उलटत गेला. घाई नाही. प्रत्येक कागदावरून अंगठा फिरवत होता. साखरपुड्याच्या पानावर थांबला. "हा जांभळा का लावला? यात जांभळं तर काहीच नाहीये." मी टेबलावरची कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. तो फोटोकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "तुम्ही फार बारीक बघता, ताई," म्हणाला, आणि हसला. चांगलं हसतो. मग त्याचं बोट खिशाकडे गेलं.

"थांबा, तिथलं चिकटलं नाही अजून," मी म्हणाले आणि त्याच्या आधी हात घालून चिठ्ठी काढली. मुठीत चुरगाळली. "काय होतं ते?" त्यानं विचारलं. "मापाची चिठ्ठी." त्यानं मान हलवली. अल्बम बंद केला, बगलेत धरला आणि दारात थांबून म्हणाला, "काही असलं तर आता मलाच फोन करा. तिचा नंबर बदललाय." तो गेल्यावर मी दाराला कडी घातली, बाई. माझ्या घरात, भर दुपारी, वर भाडेकरू असताना मी त्या माणसाला घाबरले. तुम्ही रोज घाबरत असाल, आणि आम्हाला रंग शिकवत होतात.

परवा लग्न आहे. सकाळपासून हे लिहितेय, आता ऊन अंगणाच्या निम्म्यावर आलं. हे पत्र कुठे टाकणार? तुम्हाला ते पोचायचं नाही, म्हणून तर इतकं मोकळं लिहिता आलं. तिचं घर मला माहीत आहे. आमच्या रस्त्याच्या टोकाला, चालत पाच मिनिटांवर, मांडवाचे बांबू इथून दिसतात. मी आज दोनदा चपला घालून फाटकापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा तुम्हाला लिहायचं राहिलंय म्हणून परत येऊन बसले.