तपासणीपर्यंतचा डॉक्टर

पिएत्रालोंगा,
रविवार, १२ एप्रिल २०२६

प्रिय ओर्नेला,

सकाळी धुकं होतं, दहानंतर उघडलं. प्रार्थनेला गेलो. येताना दफनभूमीत जाऊन तुझ्या आईच्या फुलदाणीतलं पाणी बदललं. दुपारी शेजारच्या फेलिचेत्तानं पाठवलेलं जेवलो. नंतर आडवा झालो, पण झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

गुरुवारी तू फोनवर म्हणालीस की मेच्या शेवटी येतेस आणि बाळंतपण इकडेच करणार. बास्तियाँ जुलैभर ट्रक घेऊन पोलंडच्या फेऱ्यांवर असणार, तेव्हा लिएजमध्ये एकटीनं राहण्यापेक्षा हे बरं. निकान्द्रोनं तुला स्वतः फोन केला होता म्हणालीस. गावाचा महापौर आपल्याला बेल्जियममध्ये फोन करतो याचंच तुला अप्रूप वाटत होतं. नव्या आरोग्यघराला आईचं नाव देणार, आणि तिथल्या गरोदर बायकांच्या खोलीत पहिली तपासणी तुझी होणार. तू हसत होतीस आणि मधेच रडत होतीस. मी ‘बरं’ म्हणालो. मला फोनवर तेवढंच जमतं. पूर्वी तुझी आई तासभर बोलायची आणि शेवटचं अर्धं मिनिट फोन माझ्या हातात यायचा, तेव्हाही मी ‘बरं’च म्हणायचो. म्हणून पत्र लिहितोय. हळू वाच.

आधी इकडचं सांगतो. ईस्टर गेला. या वर्षी आपल्या घरात दुःख असल्यामुळे भट्टी पेटवली नाही, पण फेलिचेत्तानं चीज भरून भाजलेल्या फियादोनी आणून दिल्या. इतक्या आणल्या की अजून उरल्या आहेत. रिकामं ताट परत द्यायला गेलो तर दारातच म्हणाली, ‘रिकामं कशाला आणलंस? आणि भरलं तरी कशानं असतंस म्हणा, तुला अंडं उकडता येत नाही.’ मला अंडं उकडता येतं. पण तिला तसं म्हणायला बरं वाटतं आणि मलाही ऐकायला वाईट वाटत नाही. दरीवरचा पूल अजून बंद आहे. भूकंपात टिकावा म्हणून खांब नवे करताहेत. काम चांगलं चाललंय, मी जाऊन पाहिलं. उन्हाळ्याच्या अखेरीस उघडेल म्हणतात. तोवर सगळी वाहतूक खाली नदीकाठच्या जुन्या रस्त्यानं होते.

बेरार्दिनोच्या बारमध्ये बसणारे दिवसभर युरोपच्या नावानं बोटं मोडतात. मी त्यांच्यातला नाही, हे तू जाणतेस. महासाथीनंतर युरोपचा हा पैसा आला नसता तर बालवाडीचं छप्पर गळतच राहिलं असतं. आता तिथे मुलं आहेत, जेवण आहे, दोन तरुण बाया गावात नोकरीला लागल्या आहेत. मी पाणीपुरवठा कचेरीत असताना सुरू झालेला एत्तोरेचा जमिनीचा खटला मार्चमध्ये निकाली निघाला, कारण रोमनं कोर्टांनाही मुदत घालून दिली आहे. इंटरनेटची नवी तार आली नसती तर तुझा चेहरा मला असा स्वच्छ दिसला नसता. एक एक करून पाहिलं तर प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे. जिल्ह्याच्या गावातला प्रसूतिकक्ष बंद करून मोठ्या इस्पितळात नेला, तेही समजण्यासारखं आहे, तिथे वर्षाला मोजकी बाळंतपणं व्हायची. त्याच्या बदल्यात प्रत्येक भागात एक आरोग्यघर, चोवीस तास उघडं, असं ठरलं होतं. आपलं त्यातलंच. फक्त पैशाचा हप्ता काम झालेलं दाखवल्यावर मिळतो, आणि दाखवायची तारीख पुढे ढकलता येत नाही.

डिसेंबरात हप्त्याआधीची पहिली सरकारी तपासणी आली तेव्हा इमारत उभी होती, पण आत कोणी नव्हतं. डॉक्टर नेमला होता, तो रुजू व्हायचा होता. मग निकान्द्रो शेजारच्या कोल्लेच्या महापौराशी बोलला. आपल्या भागात संतांच्या उत्सवाला कसं चालतं ते तुला सांगायला नको. त्यांचा बँड आपल्याकडे येतो, आपल्या दिव्यांच्या कमानी त्यांच्याकडे जातात, आणि कोणी कोणाला नाही म्हणत नाही. तसंच झालं. कोल्लेची रुग्णवाहिका आली, सोनोग्राफीचं यंत्र आलं, डॉक्टरीण आली. पुढच्या आठवड्यात तेच सगळं आणि वर आपल्या नव्या खुर्च्या त्यांच्याकडे गेल्या. यात कोणाला खोटेपणा वाटला नाही, ओर्नेला. मलाही वाटला नाही. शेजाऱ्याची अडचण आहे, आपण मदत करतो, एवढंच. यंत्र उतरवताना बेरार्दिनो दारात उभा राहून ओरडत होता, ‘अरे, नीट खांद्यावर घ्या, मिरवणूक वाकडी नको! आणि डॉक्टरीणबाईंना नवस बोलून घ्या रे, पुन्हा दर्शन कधी होईल सांगता येत नाही!’ सगळे हसले. आई सगळ्यात जोरात हसली.

निकान्द्रोनं गावाची जुनी सुईण म्हणून आईलाही बोलावलं होतं. ‘पाल्मिरामावशी, एक सकाळ फक्त. पांढरा कोट घालून खोलीत बस. तू बसलीस की ती खोली खरी वाटते.’ आई त्याला म्हणाली, ‘गाढवा, मी तुला पायांकडून बाहेर काढलंय, तेव्हापासून तुझं सगळं उलटंच चाललंय.’ आणि कोट काढून इस्त्री केला. इतक्या वर्षांनी तो तिला कमरेत घट्ट होत होता. खिडक्यांना पडदे नव्हते, ते तिनं घरून नेऊन लावले. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला विचारलं, तुम्ही इथे किती दिवस आहात? आई म्हणाली, ‘बाई, मी या गावात चाळीस वर्षं हेच करते आहे.’ यातही खोटं काही नव्हतं. बाहेर आल्यावर तिनं निकान्द्रोला धरलं, ‘आता खरा डॉक्टर कधी?’ तो म्हणाला, ‘सण संपले की. शब्द देतो.’ आईला तेवढं पुरलं. स्वतःच्या हातांनी जगात आणलेली पोरं आपल्याला फसवणार नाहीत, असं तिला वाटायचं, आणि तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यानं फसवलं नाही. डॉक्टर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला, त्याला शहरात जागा मिळाली, तो गेला. आम्हाला तो आल्याचं कळलं होतं. गेल्याचं कळलं नव्हतं.

आता जानेवारीतला तो रविवार. आदल्या संध्याकाळी संत अंतोनियोची शेकोटी होती. आई उशिरापर्यंत बायकांबरोबर आगीजवळ उभी होती. रविवारी जेवणानंतर म्हणाली, छातीत जळजळतंय, धूर बसलाय, वर सॉसेजही जास्त झाले. मी गाडी काढली, इस्पितळात जाऊ म्हटलं. ती म्हणाली, ‘धुरासाठी सव्वा तासाचा रस्ता? वेड लागलंय का तुला? आरोग्यघर आहे ना, डॉक्टर आलाय. बघ, पाटी पेटलेली दिसते इथून.’ पाटी पेटलेली होतीच. हिरवी, ‘सदैव सेवेत’ लिहिलेली. ती आपोआप पेटते, अजूनही पेटते.

दार बंद होतं. बेल दाबली तर वरच्या डब्यातून एका बाईचा आवाज आला. ती कुठल्या शहरातून बोलत होती कोण जाणे, पण फार गोड बोलली. आत बसून घ्या, कर्मचारी येतील. मी म्हटलं दार बंद आहे. ती म्हणाली, आमच्याकडे तर उघडं दिसतंय. आई बाहेरच्या कठड्यावर बसली. मधून मधून तीच उठून बेल दाबत होती, शेजारणीला हाक मारावी तशी. काचेतून आत पाहून म्हणाली, ‘पडदे सरळ बसलेत माझे.’ मी पुन्हा गाडीकडे चल म्हटलं तर म्हणाली, ‘थांब रे, येतील म्हणाली ना ती.’ किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. मग तिचा रंग बदलला आणि तिनंच म्हटलं, ‘लिबेरातो, चल.’ पूल बंद होता. मी नदीकाठच्या रस्त्यानं निघालो. जुन्या गिरणीच्या वळणावर तिनं माझ्या दंडावर हात ठेवला. पुढे ती बोलली नाही.

तू आलीस तेव्हा तुला सगळ्यांनी हृदय म्हणून सांगितलं, ते खरंच आहे. वाटेत गेली, तेही खरं. त्याआधीचं मी कोणाशी बोललो नव्हतो. इस्पितळातल्या डॉक्टरनं विचारलं होतं, दुखायला लागल्यापासून इथवर एवढा वेळ कसा गेला. मी सांगितलं. तो चष्मा काढून पुसायला लागला.

बुधवारी निकान्द्रो घरी आला होता. ईस्टरचा कबुतराच्या आकाराचा केक घेऊन आला. तो वाईट माणूस नाही. अंत्यविधीला शवपेटी उचलणाऱ्यांत पुढे होता आणि मुलासारखा रडला, तू पाहिलंस. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, ‘लिबेरातोकाका, मावशीचं नाव दगडात कोरून आलंय. सुंदर झालंय. तुमची आणि ओर्नेलाची संमती मिळाली की लावतो.’ मी विचारलं, डॉक्टर? म्हणाला, ‘येणार, येणार. यंत्रसुद्धा येणार, आणि या वेळी एका दिवसापुरतं नाही, चांगलं मेपासून. शेवटची तपासणी आहे काका, यात नापास झालो तर आधीचेही पैसे परत मागतील, मग बालवाडीला कुलूप. खोलीत एखादी पोटुशी बाई नको का? सगळ्या गावात एक नाही. ओर्नेला आली तर मावशीचीच लेक, मावशीच्याच नावाची खोली…’ त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं.

मी त्याला म्हटलं, ओर्नेलाचे दिवस जुलैत भरतात. त्यानं बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. म्हणाला, ‘मग तर काहीच काळजी नाही, काका! जूनच्या अखेरीपर्यंत सगळं इथेच आहे. डॉक्टर, यंत्र, दारात रुग्णवाहिका. तपासणी होईपर्यंत इथून काही हलत नाही.’

हे तो मला धीर द्यायला म्हणाला. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही. मी केक कापला, त्याला दिला, त्यानं खाल्ला, जाताना मला मिठी मारली. तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून हे पत्र. ओर्नेला, येऊ नकोस. बाळ तिकडेच होऊ दे. तुझ्या गल्लीच्या टोकाला इस्पितळ आहे आणि त्याचं दार उघडतं. जुलैत बास्तियाँ नसेल तर मी येतो. मला विमानाची भीती वाटते, पण येतो, आणि सांगशील ते करतो. दुसरं, आईच्या नावाचं. निकान्द्रो तुला पुन्हा फोन करेल तेव्हा नाही म्हण. माझा नकार मी उद्या सकाळी त्याला जाऊन सांगणार आहे. तू म्हणशील, आईचा मान आहे, बाबा का अडवतात. मी त्या दगडाचा फार विचार केला. या गावात अर्ध्याहून जास्त माणसं तिच्या हातावर जन्मली आहेत. दारावर पाल्मिराचं नाव दिसलं तर ती कुठेही न जाता तिथेच येतील. जुलैतही येतील, पुढच्या हिवाळ्यातही येतील. कठड्यावर बसतील आणि बेल दाबत राहतील, कारण नाव तिचं आहे. बालवाडीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. गाव मला काय म्हणेल ते थोडंफार ठाऊक आहे.

पत्र पोहोचलं की फोन कर. रागावली असलीस तरी कर. मी ‘बरं’ म्हणालो तर त्यावर जाऊ नकोस, इथे लिहिलेलं खरं धर.

ऊन उतरलंय. उद्यासाठी चणे भिजत घालायचे राहिलेत. ते निवडून, धुऊन, पाण्यात घालतो आता.

तुझाच, आणि येणाऱ्याचाही,
बाबा