काळी कोचीन रुचिताला, सीब्राइट कोणालाच नाही

मी, जागेश्वर हिरालाल गोंडाणे, वय चोपन्न वर्षे, धंदा पाण्याच्या मोटरी वाइंडिंग करणे, राहणार मौजा शहापूर, तालुका व जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझी दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, डोके झालेले नाही. डायलिसिसच्या दिवशी हात थरथरतो, म्हणून लिखाण फक्त मधल्या दिवसांत केले आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कोणाच्या भिडेने एक शब्द बदललेला नाही. वकिलाने एक छापील नमुना दिला होता. त्यात माझे पक्षी 'इतर जंगम वस्तू'मध्ये येत होते, सबब तो नमुना परत केला.

१. गावठाणातले स्लॅबचे घर व मागचे आवार माझ्या स्वकमाईचे आहे. ते पत्नी रत्नमाला हिला पूर्ण मालकीने. आम्हाला अपत्य नाही. धाकटा भाऊ चंद्रकुमार याचा घरावर हक्क नाही आणि त्याने तो कधी सांगितलाही नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करतो.

२. बँकेत जे उरेल तेही रत्नमालाचे. फार उरणार नाही, हे तिला माहीत आहे.

३. वाइंडिंगचे यंत्र, पकडी, सोल्डरिंगचे सामान चंद्रकुमारला. तो वायरमन आहे, काम बरे करतो, पण तारेची जाडी डोळ्याने ठरवतो. माझा मायक्रोमीटर याच कारणासाठी त्यालाच द्यावा. डोळ्याने ठरवलेली मोटर उन्हाळ्यात जळते, हे मी त्याला जिवंतपणी पुष्कळदा सांगितले आहे.

४. आता पक्षी. माझ्याकडे दोन जातींचे बँटम आहेत. बँटम म्हणजे मुळातच लहान चणीची कोंबडी, आजारी किंवा उपाशी कोंबडी नव्हे. हे लिहावे लागते, कारण चंद्रकुमार आजही आल्या-गेल्यासमोर म्हणतो, "दादानं चिमण्या पाळल्या न बाप्पा! एका पाहुण्याले चार लागतीन." माझे शिक्षण दहावी नापास. इंग्रजी मोटरीच्या खोक्यांवरून शिकलो आणि त्याच इंग्रजीवर या जातींचे स्टँडर्ड, म्हणजे पक्षी कसा असावा याचे नियम, शब्दाला शब्द लावून वाचले. जिल्ह्यात दुसऱ्या कोणी वाचले असल्यास त्याने पुढे यावे.

पहिली जात सोनेरी सीब्राइट. प्रत्येक पिसाला काळी किनार, सगळीकडे सारख्या जाडीची. कोंबड्यालाही कोंबडीसारखीच गोल पिसे, शेपटीत लांब वळणदार पीस एकही नाही. मूळ जोड्या कलकत्त्याच्या एका शौकिनाकडून रेल्वेने मागवल्या आणि वरठी स्टेशनावर स्वतः उतरवून घेतल्या. दुसरी जात काळी बँटम कोचीन. पायांवर पिसे, अंग चेंडूसारखे.

५. पुंडलिकराव, आमचे शेजारी, यांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. कारण पुढीलप्रमाणे. एकाच खुराड्यात सगळा वंश ठेवला तर मानमोडीच्या एका साथीत संपतो, म्हणून मी सीब्राइटच्या चांगल्या कोंबड्या, प्रत्येकीसोबत तिच्या जातीचा कोंबडा देऊन, गावातल्या घरांत बटईने ठेवल्या. बटई आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे: कोंबडी माझी, दाणापाणी त्यांचे, पिल्ले अर्धी-अर्धी. मी सांगितले होते की दुसरा कोंबडा लागू देऊ नका. सगळ्यांनी मान हलवली आणि सगळ्यांनी गावरान लावला. पुंडलिकरावांनी तर वाटणीच्या दिवशी लांब तंगड्यांची पिल्ले टोपलीत घालून हसत आणून दिली.

"पाह्य, जागेश्वर, कसे तगडे निघाले! तुहा हिस्सा बी मोठाच झाला ना?"

"माझा कोंबडा कुठे आहे?"

"तो? तो तं पावशेराचाही नव्हता. पोराच्या मामाले खाऊ घातला. रागावून काहून राहिला?"

त्यांनी फसवले नाही. बटईत वाटा मोठा व्हावा, हेच सगळे बघतात. मी जात वाटली होती, त्यांनी मटण वाढवले. त्यांचा माझ्यावर राग नाही, आणि हेच मला सहन होत नाही. त्यानंतर घरच्या खुराड्यात मानमोडी आली ती आलीच. आज शुद्ध सीब्राइट म्हणजे एक म्हातारा कोंबडा आणि दोन बहिणी, एवढेच.

६. चंद्रकुमारची मुलगी रुचिता भंडाऱ्याला औषधांच्या दुकानात नोकरी करते. तिला जातिवंत पक्षी पाळायचे आहेत. नागपूरच्या प्रदर्शनात ठेवायचे आहेत. या गावात असे म्हणणारी ती पहिली आणि बहुधा शेवटची. तिला काळ्या कोचीनचा एक कोंबडा आणि दोन कोंबड्या, मी पायात कडी घालून निवडलेल्या, तसेच सिमेंटचे खुराडे द्यावे. बाकी कोचीन रत्नमालाने कापाव्यात किंवा वाटाव्यात. नवशिक्याने एकच जात, एकच रंग धरावा. काळ्या रंगात किनार बिघडायची भीती नाही. कोचीन खुडूक बसते, स्वतःची पिल्ले स्वतः काढते, अंगावर धावून येत नाही. आपल्याकडे धानाच्या दिवसांत चिखल असतो आणि तिच्या पायांची पिसे लडबडतात, म्हणून खाली धानाचा कोरडा भुसा टाकावा आणि ओला झाला की त्याच दिवशी बदलावा. तुऱ्याचे दाते आणि पायांची पिसे पाहून पिल्ले निवडावीत. डोळ्यांत पाणी आणून निवडू नयेत.

रुचिताला हे कलम पसंत नाही. ती समोर बसून म्हणाली, "मोठेबाबा, काळी कोंबडी तं कोणाच्याही आंगणात दिसते. मले सीब्राइट द्या."

मी म्हटले, "या हंगामातली सगळी अंडी बॅटरीच्या उजेडात कोरी दिसली. एकातही जीव नाही."

"मंग एक डाव दुसरा कोंबडा लावू. अंडे भरतीन. रंग मंग हळूहळू परत आणू."

रत्नमाला चहा ठेवता ठेवता म्हणाली, "देऊन टाका ना जी तिले. कोणासाठी धरून बसले तुम्ही?"

७. सीब्राइट कोणालाही देऊ नयेत. रुचितालाही नाही. ती चुकीचे बोलली असती तर मी रागावून मोकळा झालो असतो. ती चूक नव्हती. जुने जाणते शौकीन असेच करतात, रक्त थकले की बाहेरचे आणतात. पण पुढच्या प्रत्येक पिढीत कोणते पिल्लू ठेवायचे आणि कोणते कापायचे, हे सांगणारा माणूस खुराड्यापाशी लागतो. किनार कुठे पातळ झाली, कोंबड्याच्या मानेवर टोकदार पीस कुठे डोकावले, हे हातात धरून दाखवावे लागते. लिहून मी पाहिले. जमत नाही. कलकत्त्याला फोन लावला, तर तो शौकीन वारल्याचे त्याच्या मुलाने सांगितले आणि गच्चीवरची खुराडी रिकामी केल्याचेही. म्हणजे तिला विचारायला माणूस उरत नाही. पहिल्या वर्षी कोरी अंडी, दुसऱ्या वर्षी भलत्याच रंगाची पिल्ले, आणि तिसऱ्या वर्षी ती पक्षीच सोडून देईल. काळ्यांपाशी ती टिकण्याची थोडी तरी शक्यता आहे. थोडीच.

तेव्हा ते तीन पक्षी मरेपर्यंत रत्नमालाने सांभाळावेत, अंडी घरात खावीत, एकही उबवायला ठेवू नये. एखादा मेला की पुरावा. मेल्यावर फोटो काढून कोणाला पाठवू नये.

८. माझा देह दहन करावा. पुण्यानुमोदनाचे जेवण साधे वरण-भाताचे असावे. माझ्याविषयी बोलायला पुंडलिकराव उभे राहतील, त्यांना अडवू नये, चांगलेच बोलतील.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रत्नमालाने करावी. ती सातव्या कलमावर रडली आहे, तरी पाळेल.

१०. आज सही करतेवेळी साक्षीदार श्री. कृष्णराव यांनी विचारले की रुचितालाच साक्षीदार का करत नाही, अक्षर चांगले आहे. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्ष घालायची नसते, म्हणून तिला बाहेर थांबायला सांगितले आहे. ती मागच्या आवारात उभी आहे. मला खाटेवरून खिडकीतून दिसते. दोन खुराडी समोरासमोर आहेत आणि तिची पाठ काळ्यांकडे आहे. बराच वेळ झाला, वळलेली नाही.

सातवे कलम मी पुन्हा वाचले. त्यात बदल नाही.

वरील सर्व मजकूर लिहून देणाऱ्याने आमच्यासमोर मोठ्याने वाचला, दोन ठिकाणी थांबून पाणी घेतले, व पूर्ण शुद्धीवर राहून आमच्यासमोर सही केली. आम्ही त्याच्यासमोर केली.

साक्षीदार:
(१) कृष्णराव तुकाराम बांते, शहापूर (सही)
(२) सेवकराम गोमाजी मोटघरे, शहापूर (सही)

लिहून ठेवणार:
जागेश्वर हिरालाल गोंडाणे (सही)

ठिकाण: शहापूर, जि. भंडारा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५